रेणूतून वीज : गणिताची आणि प्रयोगाची

आपल्या संभाजीनगरच्या पाणचक्कीला दूरच्या डोंगरातून नळांवाटे पाणी येते. नळ लांबला की अडथळा वाढतो. तांब्याच्या तारेचेही तसेच, लांबी दुप्पट तर रोध दुप्पट. पण तारेच्या जागी एकच रेणू सोन्याच्या दोन टोकांमध्ये धरला, तर हा हिशेब चालत नाही. कार्बनच्या साध्या साखळीत एक अणू वाढवला की प्रवाह जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. पाच वाढवले तर शंभरावा हिस्साही उरत नाही. कारण इलेक्ट्रॉन इथे वाहत नाही. भिंतीतून ओल झिरपावी तसा तो पलीकडे जातो.

असा रेणू विजेला एकाच दिशेने वाट देऊ शकेल, असे एव्हिरम आणि रॅटनर यांनी १९७४ मध्ये कागदावर मांडले. १९९७ मध्ये मार्क रीड, जेम्स टूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंझिनच्या कड्याला दोन्हीकडे गंधक जोडून सोन्याच्या टोकांमध्ये त्यातला प्रवाह मोजला.

रेणू सोन्याला नेमका कसा चिकटला, हे मात्र प्रयोगात दिसत नाही. तिथे संगणक मदतीला येतो. अणूंच्या जागा द्यायच्या, वॉल्टर कोन यांच्या पद्धतीने इलेक्ट्रॉनांची दाटी काढायची (त्यांना १९९८ चे नोबेल मिळाले) आणि मग इलेक्ट्रॉन पलीकडे जाण्याची शक्यता मोजायची. ही शक्यता म्हणजेच वाहकता, हा लॅंडाउअर यांचा १९५७ चा विचार मला फार देखणा वाटतो.

पण २००० मध्ये त्याच बेंझिनचे गणित झाले, तेव्हा आलेखाचा आकार जुळला आणि प्रवाह मात्र शंभरपटीहून जास्त निघाला! जोडावर सोन्याचा एक जादा अणू ठेवताच तो उतरला. दुसरी अडचण पद्धतीतच आहे. रेणूतील इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या ती सोन्याच्या पातळीच्या फार जवळ दाखवते आणि वाट आहे त्याहून सोपी भासते.

आपल्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. सी. मेहरोत्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी द्रवातील रेणू विद्युतक्षेत्रात किती चटकन वळतात, हे वर्षानुवर्षे मोजले. एकेक रेणू पकडणारे यंत्र मात्र महाग. ‘सिएस्टा’सारखी प्रणाली फुकट मिळते आणि लहान रेणूचे गणित बऱ्यापैकी संगणकावर होते. म्हणून इथला विद्यार्थी गणिताकडे वळला तर नवल नाही. उत्साहाने कोणी आकडा दाखवला, की मी आधी विचारतो, ‘गंधक सोन्याच्या किती अणूंवर टेकवला होता? जागा बदलून पाहिली का?’