चार व्होल्टचा हिशोब

नरकचतुर्दशीच्या पहाटे इंदूरच्या आमच्या जुन्या घरात उटण्याच्या सुगंधात आणखी एक वास मिसळला होता, जळक्या प्लास्टिकचा. आजी म्हणाली, "अरे, चार दिवस सांगतेय, न्हाणीघरात कसला तरी वास येतो." मी डोकावून पाहिलं. गिझर चालू होता, पाणी गरम येत होतं, एमसीबी पडली नव्हती. "काही नाही गं आजी. लोड जास्त असता तर एमसीबी पडली असती," असं म्हणून मी फराळाला बसलो. घरात बीई झालेला मीच, त्यामुळे माझ्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला.

भाऊबीजेला गिझरचा प्लग काढायला गेलो तर तो निघेचना. वितळून सॉकेटला चिकटला होता. मेन स्विच बंद केला आणि वायरमनला बोलावलं.

झालं होतं असं. न्हाणीघरात जुन्या काळचं ५ अँपिअरचं छोटं सॉकेट होतं. नव्या गिझरचा प्लग १६ अँपिअरचा, जाड पिनांचा. तो त्यात बसेना म्हणून कोणीतरी मधे कन्व्हर्टर प्लग लावला होता. गिझरवर लिहिलं होतं : २३० व्होल्ट, २००० वॅट. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. २००० ÷ २३० म्हणजे ८.७. पाचाच्या सॉकेटमधून रोज पावणेनऊ अँपिअर जात होते. शाळेतला भागाकार, पण तो मी कधी करूनच पाहिला नव्हता.

वायरमनने आम्हाला लांब उभं केलं, मिनिटभर गिझर चालू केला आणि मीटर लावले. प्रवाह ८.५ अँपिअर. सॉकेटच्या मागच्या स्क्रूंवर २३० व्होल्ट, पण गिझरच्या टर्मिनलवर २२६. मधले चार व्होल्ट गेले कुठे?

इथे दोनच सूत्रं लागतात. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, ओहममध्ये. व्होल्टला अँपिअरने गुणलं की शक्ती मिळते, वॅटमध्ये. पहिलं नातं जर्मनीतल्या जॉर्ज ओहम या शिक्षकाने १८२७ मध्ये मांडलं.

आधी गिझर पाहू. २२६ ÷ ८.५ म्हणजे साधारण २६.६ ओहम. २२६ × ८.५ म्हणजे साधारण १९२० वॅट. एवढ्या उष्णतेने टाकीतलं पाणी तापतं. ठीक.

आता ते चार व्होल्ट. ४ ÷ ८.५ म्हणजे जेमतेम अर्धा ओहम. त्यातला बहुतेक रोध सैल पिना आणि काळ्या पडलेल्या पत्र्यांचा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ४ × ८.५ म्हणजे ३४ वॅट! सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असलं तरी शिसं वितळवतं. गिझरच्या उष्णतेला टाकीभर पाणी मिळतं, या ३४ वॅटना फक्त बोटाएवढं प्लास्टिक. अशी उष्णता रोज अर्धा तास त्या प्लगमध्ये साठत होती.

मग एमसीबी का पडली नाही? ती १६ अँपिअरची होती आणि प्रवाह होता साडेआठ. शिवाय सैल जोडामुळे वाटेतला रोध वाढतो, म्हणजे प्रवाह उलट थोडा कमीच होतो. पिना जितक्या खराब, तितकी एमसीबी निवांत. वायरमन हसून म्हणाला, "भैया, एमसीबी करंट देखती है, गरमी थोड़े ही देखती है." माझी सगळी चूक त्या एका वाक्यात आली.

त्याच सॉकेटवर मोबाइलचा चार्जर वर्षानुवर्षं चालला असता, कारण तो ०.१ अँपिअरच्या आसपास घेतो. एकाच रोधातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. म्हणून जुन्या घरांत धोका दिव्यांचा नसतो. गिझर, इस्त्री, इंडक्शन यांचा असतो.

आमच्याकडे आता मेन बोर्डापासून गिझरसाठी वेगळी जाड वायर आणि १६ अँपिअरचं सॉकेट आहे. कन्व्हर्टर फेकून दिला.

तुमच्या घरीही हे करून पाहा, मुलांना सोबत घ्या. प्रत्येक मोठ्या उपकरणावरचे वॅट वाचा, २३० ने भागा आणि येणारा आकडा सॉकेटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर घेते, ६ च्या सॉकेटवर चालेल. १५०० वॅटची किटली ६.५ घेते, चालणार नाही. उपकरण दहा मिनिटं चालवा, स्विच बंद करा आणि कोरड्या हाताने प्लगचं प्लास्टिक चाचपून पाहा. ते तापलं असेल, पिवळं-तपकिरी पडलं असेल किंवा वास येत असेल, तर ते सॉकेट वापरणं थांबवा. व्होल्ट मोजण्याचं काम मात्र वायरमनवर सोडा.

आणि घरातलं मोठं माणूस "वास येतोय" म्हणालं, तर फराळ थोडा थांबवा. आजीला ओहमचा नियम माहीत नाही. पण त्या न्हाणीघरात रोज ती एकटीच दार लावून अंघोळ करायची, आणि प्लग तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता.