शेतकऱ्यांच्या मुलांनीं कोणती वकिली करावी?

शेतकऱ्याचा मुलगा वकील झाला म्हणजे घरच्या मंडळींस आनंद होतो. परंतु तो पुढें कोणतीं कामें चालविणार, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. बांधाचे, वाटणीचे व भाऊबंदकीचे दावे यांतच पुष्कळांचें आयुष्य सरतें. आमच्या मतें शेतकऱ्याच्या घरांतून आलेल्या वकिलास याहून मोठें एक क्षेत्र मोकळें आहे. सरकारी हुकूम, नोटिसा, आकारणी व निवाडे यांची छाननी करून त्यांविरुद्ध योग्य ठिकाणीं व योग्य मुदतींत दाद मागणें, हें तें क्षेत्र होय.

या कामाचें मोल बारडोलीच्या उदाहरणावरून कळतें. नरडाण्याहून तापी-खोऱ्याच्या रेल्वेनें सुरतेकडे जातांना हें गांव लागतें. मुंबई सरकारनें तेथील साऱ्यांत सुमारें २२ टक्के वाढ ठरविली, तेव्हां दिवाणी कोर्टांत जाण्याची सोय नव्हती. कारण १८७६ च्या कायद्यानें आकारणीचे वाद त्या कोर्टांच्या कक्षेबाहेर ठेविले होते. १९२८ सालीं लोकांनीं वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखालीं सारा देण्याचें नाकारलें व निःपक्षपाती चौकशी मागितली. ती मिळाली. ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या अधिकाऱ्यांपुढें शेतकऱ्यांची बाजू मांडण्यास भुलाभाई देसाई उभे राहिले. ज्या खंडाच्या आंकड्यांवर वाढ बसविली होती, ते भरंवशाचे नाहींत असें चौकशींत दिसून आलें, आणि वाढ सुमारें ६ टक्क्यांवर आली. सत्याग्रहानें चौकशी मिळविली. आकारणी खालीं आणली ती पुराव्यानें.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या २२६ व्या कलमान्वयें बेकायदेशीर सरकारी कृतीविरुद्ध उच्च न्यायालयाकडे जातां येतें. धुळें व जळगांव जिल्ह्यांस त्यासाठीं छत्रपती संभाजीनगरचें खंडपीठ आहे. मात्र जमिनीच्या मोबदल्याचा वाद असेल, तर ज्या कायद्यानें जमीन घेतली त्यानेंच आंखून दिलेली वाट आधीं धरावी लागते.

नरडाणा परिसरास ही गोष्ट विशेष लागू आहे. येथें औद्योगिक क्षेत्र आहे, मुंबई-आग्रा मार्ग जवळून जातो, आणि सप्टेंबर २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें मंजूर केलेला मनमाड-इंदूर लोहमार्गही याच बाजूनें जावयाचा आहे. औद्योगिक क्षेत्रासाठीं १९६१ चा महाराष्ट्राचा कायदा, महामार्गासाठीं १९५६ चा केंद्रीय कायदा, तर इतर पुष्कळ कामांसाठीं २०१३ चा भूसंपादन कायदा लागतो. महामार्गाच्या कायद्यांत हरकतीस २१ दिवस मिळतात व मोबदल्याचा वाद लवादापुढें जातो. २०१३ च्या कायद्यांत हरकतीस ६० दिवस आहेत, आणि निवाड्याच्या वेळीं हजर असलेल्यानें सहा आठवड्यांत पुढील दाद मागावयाची असते. म्हणून नोटीस हातीं येतांच तींत कोणता कायदा लिहिला आहे हें प्रथम पाहावें, व ती मिळाल्याची तारीख टिपून ठेवावी. या कायद्याखालीं रक्कम घेतांना हरकत राखून घेतल्याचें लेखी नमूद करावें. तसें न केल्यास वाढीव मोबदल्याचा अर्ज करण्याचा हक्क जातो.

वकील कितीही हुशार असला तरी कागदावांचून त्याचा इलाज चालत नाहीं. विहीर, जलवाहिनी, फळझाडें व बागाईत यांची नोंद सातबाऱ्यावर वेळींच करून घ्यावी. गांवांतील व शेजारच्या शिवारांतील अलीकडील तीन वर्षांच्या नोंदणीकृत खरेदीखतांच्या नकला मिळवाव्या; बाजारभाव ठरवितांना त्यांचाही आधार घेतला जातो. खरेदीखतांत किंमत कमी दाखविण्याची खोड येथेंच अंगाशीं येते.

याच शिंदखेडे तालुक्यांतील विखरण येथील एका वृद्ध शेतकऱ्यानें वीजप्रकल्पासाठीं गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याकरितां खेटे घालून अखेर जानेवारी २०१८ मध्यें मंत्रालयांत विष घेतलें, आणि कांहीं दिवसांनीं मुंबईच्या रुग्णालयांत त्याचा अंत झाला. त्या प्रकरणाचा निवाडा करणें आमचें काम नाहीं. परंतु म्हाताऱ्या माणसास एकट्यानें कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागावे, ही गोष्ट साऱ्या तालुक्यानें मनास लावून घेण्यासारखी आहे.

अशा वेळीं जवळ उभा राहणारा वकील आमच्याच मुलांतून निघाला पाहिजे. त्यास सातबारा व फेरफार वाचतां यावे, प्रांताच्या कचेरीपासून महसूल न्यायाधिकरणापर्यंतची पायरी ठाऊक असावी, आणि तारखांचें भान असावें. वाढीव रकमेंत वांटा घेण्याचा करार वकिलास नियमानें मना आहे. तो नियम त्यानें कसोशीनें पाळावा, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल. ज्या घरांत मुलगा वा मुलगी कायदा शिकत असेल, त्यांनीं ही वाट त्यांस अवश्य सुचवावी. या कामांत पैसा सावकाश मिळेल. परंतु नोटीस आल्या दिवशीं सल्ला देणारा जाणता माणूस शिवारांत असेल, तर कित्येकांची जमीन योग्य मोलावांचून जाणार नाहीं.