फिरतें घर व दोन सायकली

बिछाना, शेगडी व पाण्याची टांकी बसविलेल्या मोटारीस हल्लीं ‘कॅम्पर व्हॅन’ म्हणतात. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण आणल्यापासून तिचें नांव आपल्या घरांतूनही ऐकूं येऊं लागलें. रत्नागिरीहून गुहागरपर्यंत दोन सायकली बरोबर न्याव्या, हा मुलांचा हट्ट. मातोश्रींना मागें ठेवावयाचें नाहीं, ही आमची अट.

मोटार पाहण्यापूर्वीं आम्हीं सायकल मोजली. लांबी पावणेसहा फूट! ती मोटारीच्या मागें टांगण्याची चाल आहे. पण आमच्या वाटेवर जयगडहून तवसाळास फेरीबोटीनें खाडी ओलांडावयाची. धक्क्याचा उतार संपून बोटीची फळी चढतांना मागें लोंबणारी वस्तु घांसावयाचीच. पुन्हा नंबराची पाटी झांकली तर दंडाची भीति, आणि खाऱ्या वाऱ्यानें साखळी गंजते ती निराळीच. तेव्हां सायकली आंत! त्यांच्यावर उंच बिछाना करावा, असें कारागीर सुचवितात. परंतु गुडघे दुखणाऱ्या मातोश्रींनीं तीन फूट चढावें कसें? फार मोठी मोटार घ्यावी, तर ती चिऱ्यांच्या गडग्यांमधून वळत नाहीं.

शेवटीं मध्यम मोटार ठरली. पुढलें चाक काढून सायकली एका बाजूस उभ्या, दुसऱ्या बाजूस दीड फूट उंचीचा पलंग. मुलें तंबूंत निजतील. (मोटारींतील असा बदल आर. टी. ओ. कडे नोंदवावा लागतो, हें वाचकांनीं विसरूं नये.) मातोश्रींनीं पाहणी केली व विचारलें, “सायकलींना पट्टे बांधलेस; मला धरायला काय रे?”

दुसऱ्याच दिवशीं कठडा बसविला.