आभा काढलं, मग फाइल कशाला?

"डॉक्टर, आभा कार्ड आहे की माझं. त्यातच बघा ना सगळं!" ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीपासून शहरातल्या नर्सिंग होमपर्यंत हे वाक्य आता सर्रास ऐकू येतं. पेशंट निर्धास्त असतो आणि मागच्या वर्षीच्या अँजिओग्राफीची फाइल गावाकडच्या कपाटात असते. दुसऱ्या टोकाला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पुढे ढकलणारी मंडळी आहेत. त्यांचं म्हणणं, "आभा काढू नका, तुमचे सगळे आजार सरकारला कळतात." एकाला ज्याचा भरवसा वाटतो, त्याचीच दुसऱ्याला धास्ती वाटते. पण दोघांच्या डोक्यात चित्र एकच आहे: दिल्लीत कुठेतरी एक भलंमोठं कोठार आहे आणि आभा काढलं की आपले रिपोर्ट आपोआप तिथे जाऊन पडतात.

असं कोठार नाही. कितीदा सांगायचं? नाही!

गैरसमज: आभा काढलं की सगळे रिपोर्ट एका जागी जमा होतात.

वस्तुस्थिती: आभा हा १४ अंकी क्रमांक आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहिमेची घोषणा झाली. आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत चाचणी झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' (एबीडीएम) या नावाने ती देशभर लागू झाली. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ती चालवतं. या मोहिमेच्या रचनेत रुग्णाची नोंद जिथे तयार होते तिथेच राहते, म्हणजे त्या रुग्णालयाकडे किंवा लॅबकडे. मधली यंत्रणा फक्त एवढंच जाणते की अमुक क्रमांकाची नोंद तमुक ठिकाणी आहे. दुसऱ्या डॉक्टरला ती हवी असेल तर तो विनंती पाठवतो, ती तुमच्या मोबाइलवर येते, तुम्ही होकार दिलात तर नोंद सांकेतिक रूपात त्याच्यापर्यंत जाते. कोणत्या काळातली नोंद दाखवायची, कोणत्या प्रकारची आणि किती दिवसांसाठी, हे तुम्ही ठरवता. दिलेली संमती मागेही घेता येते.

आता खरा मुद्दा. दारावर नावाची पाटी लावली म्हणून टपाल येत नाही, कुणीतरी पत्र लिहावं लागतं. आभा ही पाटी आहे. पत्र लिहायचं काम रुग्णालयाचं, आणि घोडं नेमकं तिथेच अडलेलं आहे.

एखाद्या जिल्ह्यातल्या दवाखान्यांना "तुम्ही कोणती प्रणाली वापरता?" असं विचारत फिरलं तर उत्तर जवळपास सगळीकडे "आमचं सगळं कॉम्प्युटराइज्ड आहे" असंच मिळेल. मग जरा खोलात विचारा. एका ठिकाणी कॉम्प्युटर आहे तो फक्त बिलासाठी. दुसरीकडे नोंदणी खिडकीवर नाव, वय आणि पत्ता टाइप होतो, पुढचं सगळं केसपेपरवर हाताने. तिसरीकडे लॅबचं सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण वॉर्डला त्याचा पत्ता नाही, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. चौथीकडे डिस्चार्ज कार्ड वर्डमध्ये टाइप होतं आणि मागच्या पेशंटच्या फाइलवर नवं नाव घालून छापलं जातं. सरकारी रुग्णालयांत एनआयसीची 'ई-हॉस्पिटल' आणि सीडॅकची 'ई-सुश्रुत' ही दोन मोठी नावं. पण प्रणाली बसवलेली असणं वेगळं आणि डॉक्टरने तिच्यात तपासणी, निदान, औषधं लिहिणं वेगळं. तासाला पन्नास पेशंट उरकणाऱ्या ओपीडीत टाइप कोण करणार? बिल निघतं म्हणजे इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद झाली, असं मानून भरलेलं कुठलंही सर्वेक्षण कागदावर सुंदर दिसेल, आणि फसवेल.

'आमचं सॉफ्टवेअर एबीडीएमशी जोडलेलं आहे' या पाटीचंही तसंच. ही जोडणी तीन टप्प्यांची असते. पहिल्या टप्प्यात सॉफ्टवेअर आभा क्रमांक तयार करू किंवा पडताळू शकतं, बस्स. दुसऱ्यात ते रुग्णाच्या नोंदी त्या क्रमांकाला जोडून देऊ शकतं. तिसऱ्यात दुसरीकडच्या नोंदी संमतीने मागवून डॉक्टरला दाखवू शकतं. पहिला टप्पा गाठलेलाही स्वतःला 'जोडलेला' म्हणवतो. अशा ठिकाणी तुमचा क्रमांक शंभर वेळा लिहून घेतला तरी आभा अ‍ॅपमध्ये एक ओळसुद्धा दिसणार नाही. मग पेशंट अ‍ॅपला शिव्या घालतो.

नोंद जोडली गेली तरी ती कशी आहे हाही प्रश्न उरतोच. केसपेपरचा फोटो काढून पीडीएफ चढवली तरी यंत्रणा ती स्वीकारते. ती वाचता येते, अर्थात डॉक्टरांचं अक्षर लागलं तर. पण त्यातून गेल्या तीन वर्षांतलं क्रिएटिनिन कसं चढत गेलं याचा आलेख निघत नाही, की पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीचा इशारा आपोआप मिळत नाही. त्यासाठी प्रत्येक निदानाला, तपासणीला ठरलेला संकेतांक लागतो. याचे नियम आपल्याकडे नवे नाहीत. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं केंद्राने २०१३ मध्ये जाहीर केली, २०१६ मध्ये सुधारली. 'स्नोमेड सीटी' ही वैद्यकीय संज्ञांची संकेतावली भारतात मोफत वापरता येते, आणि तिचं वितरण करणारं राष्ट्रीय केंद्र तर आपल्या पुण्यातच आहे, सीडॅकमध्ये. कमी आहे ती वापराची.

गैरसमज: मग सरकारकडे आपली काहीच माहिती नसते.

वस्तुस्थिती: दुसऱ्या टोकाला जाऊ नका. क्षयरुग्णांची नोंद 'निक्षय'वर होते, गरोदर माता आणि बालकांची आरसीएच पोर्टलवर, आयुष्मान योजनेतल्या उपचारांचे दावे त्या योजनेच्या यंत्रणेत. या नोंदी केंद्रीय पातळीवर आहेतच. 'निक्षय' तर २०१२ पासून चालू आहे, तेव्हा आभाचा विचारही नव्हता. काळजी वाटत असेल तर ती जरूर करा, पण योग्य जागी.

आता बाकीचे झटपट.

गैरसमज: आभा म्हणजे पाच लाखांचं कार्ड. नव्हे. पाच लाखांचं कवच देतं ते आयुष्मान कार्ड. आभावर एक रुपयाचाही उपचार मोफत मिळत नाही.

गैरसमज: आभा नसेल तर उपचार नाकारता येतात. आभा ऐच्छिक आहे, आणि आधारशिवाय ड्रायव्हिंग लायसन्सवरही काढता येतं.

गैरसमज: क्यूआर कोड स्कॅन केला, म्हणजे रिपोर्ट जोडले गेले. ओपीडीतल्या त्या स्कॅनने नाव-पत्ता खिडकीपर्यंत जातो आणि रांग वाचते. रिपोर्टचा त्याच्याशी संबंध नाही.

गैरसमज: एचएमआयएस पोर्टलवर रुग्णांच्या फायली असतात. केंद्राच्या त्या पोर्टलवर दरमहा आकडे जातात: किती बाळंतपणं, किती लसीकरण. माणूस त्यात दिसत नाही.

गैरसमज: सगळीकडे एकच सॉफ्टवेअर बसवलं की प्रश्न मिटला. ब्रिटनने २००२ मध्ये आरोग्यसेवेसाठी असाच वरून लादलेला अवाढव्य कार्यक्रम हाती घेतला, अब्जावधी पौंड घातले आणि २०११ मध्ये तो मोडीत काढला. सॉफ्टवेअरं दहा असली तरी चालतात, त्यांची भाषा एक हवी.

गैरसमज: कॉम्प्युटरवर गेलं की कायमचं सुरक्षित. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयाचा कारभार अनेक दिवस कागदावर चालला.

गैरसमज: फाइल रुग्णालयाची, आपल्याला मागता येत नाही. डॉक्टरांच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार रुग्णाने नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांत द्याव्या लागतात आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. यासाठी आभा लागत नाही, की अ‍ॅप. एक अर्ज पुरतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "आमच्याकडे सगळं डिजिटल आहे" म्हणालं की तीन प्रश्न विचारा. डिस्चार्ज कार्ड माझ्या आभाला जोडून द्याल का? आधीच्या रुग्णालयातली माझी नोंद तुमच्या डॉक्टरांना इथे उघडता येते का? तुमचं सॉफ्टवेअर उद्या बदललं तर माझी जुनी नोंद नव्यात येईल का? तिन्हींना 'हो' मिळालं तर ते रुग्णालय खरोखर डिजिटल. नाही मिळालं तर रुग्णालयाला दोष देऊन काही होणार नाही, निदान स्वतःची फसगत तरी टळेल. आणि तोपर्यंत, कृपा करून, फाइल सोबत आणा.