संगणकाच्या मेमरीत भर

१९८२ च्या ऑगस्टपर्यंत एकाच जिल्ह्याच्या नावाखाली नांदणाऱ्या चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रधान मुलखात घरगुती संगणक ही आता श्रीमंतांची मिरासदारी राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा, वनरक्षक भरतीची जाहिरात, जातीचा दाखला ही सारी कामे ज्या यंत्रावाचून अडतात, ते यंत्र बल्लारपुरातील कामगाराच्या घरी जसे दिसते तसेच आलापल्लीच्या शिक्षकाच्या घरीही दिसते. मात्र पुष्कळदा ते नवे नसते. कुणी ते कचेरीच्या लिलावातून आणलेले असते, तर कुणाच्या थोरल्या भावाने शिक्षण संपल्यावर धाकट्याच्या स्वाधीन केलेले असते. वयपरत्वे ते मंदावते, एक खिडकी उघडताना दुसरी गोठते, आणि मग घरात असा निवाडा होतो की, संगणक म्हातारा झाला, आता नवा घ्यावा. हा निवाडा बहुधा पुराव्यावाचून दिलेला असतो; कारण अनेक जुन्या संगणकांना हवी असते ती निवृत्ती नव्हे, तर मेमरीची थोडी भर.

या मंदपणाचे मर्म कळावे यासाठी संगणकाच्या अंतरंगातील दोन ठेवी वेगवेगळ्या ओळखल्या पाहिजेत. हार्ड डिस्क हा कायमचा साठा. वीज गेली तरी तो अबाधित राहतो. रॅम ही चालू कामापुरती मेमरी. वीज जाताच ती रिकामी होते. जुन्या दफ्तरखान्यात कपाटेच्या कपाटे कागदपत्रांच्या रुमालांनी भरलेली असली, तरी कारकुनाला काम करता येई ते बैठकीवर सोडलेल्या रुमालांवरच, आणि बैठक आखूड असली म्हणजे एक रुमाल बांधून कपाटात ठेवल्यावाचून दुसरा सोडता येत नसे. रॅम ही ती बैठक होय. ती अपुरी पडली की संगणक चालू कामातील काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो व लागेल तेव्हा परत आणतो. रॅममधून मजकूर हाती यायला सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग पुरतो. फिरत्या हार्ड डिस्कला त्याच कामी सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. लाखपटीचे हे अंतर दिवसभर पुनःपुन्हा कापावे लागल्याने यंत्र धापा टाकू लागते.

रॅमची क्षणभंगुरता तिच्या घडणीतच आहे. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली एका ट्रान्झिस्टरच्या जोडीला अतिसूक्ष्म विद्युतसंधारक ठेवून, त्यातील विद्युतभाराच्या असण्या-नसण्यावरून एक बिट नोंदवण्याची युक्ती काढली आणि १९६८ साली तिचे पेटंट मिळवले. हा भार सतत झिरपत असल्यामुळे प्रत्येक नोंद साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांना नव्याने भरावी लागते. १९७० साली बाजारात आलेल्या इंटेलच्या ११०३ या चिपमध्ये अवघे १,०२४ बिट मावत. आज रॅमच्या आठ जीबीच्या एका पट्टीत ६,८०० कोटींहून अधिक बिट मावतात.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक वनहक्क मिळवला व २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकारही ग्रामसभेकडे आणला. या यशाच्या मुळाशी, अभ्यासगटात विषय आधी समजून घ्यायचा आणि मगच सर्वसहमतीने निर्णय करायचा, ही शिस्त होती. पदरचा पैसा खर्चण्यापूर्वी घरच्या संगणकालाही हीच शिस्त लावावी. नेहमीची सर्व कामे उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबावीत, म्हणजे विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात मेमरी किती, वापरात किती व पट्ट्यांच्या खाचा किती भरल्या आहेत याची नोंद मिळते. मेमरी जवळजवळ भरलेली आणि डिस्क अखंड राबत असेल, तर भर घालणे सार्थ आहे. मेमरी निम्मी मोकळी असूनही डिस्कच थकलेली दिसत असेल, तर तोच पैसा जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही न फिरणारी, वेगवान डिस्क बसवण्यास लावणे अधिक शहाणपणाचे. कार्यप्रणाली ३२ बिटांची असेल तर तिला सामान्यतः चार जीबीपलीकडची मेमरी दिसतच नाही, हेही आधी पाहून घ्यावे.

पुढचा प्रश्न मेमरीच्या जातकुळीचा. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या पट्ट्यांच्या कडेवरील खोबण वेगवेगळ्या जागी असते, त्यांचा विद्युतदाबही निरनिराळा असतो, आणि एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. लॅपटॉपची पट्टी डेस्कटॉपच्या पट्टीहून आखूड असते, व काही लॅपटॉपांत मेमरी मदरबोर्डलाच डाक देऊन जोडलेली असल्याने भर घालण्यास वावच नसतो. पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडचा मार्ग बंद होतो. अशा ठिकाणच्या माणसाने चुकीची पट्टी आणून पुन्हा हेलपाटा घालणे परवडणारे नाही, म्हणून मदरबोर्डचे नाव कागदावर लिहून आणि जुनी पट्टी नीट गुंडाळून सोबत नेऊनच खरेदी करावी.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण ते सावकाशीने करावे. संगणक बंद करून तारेचा प्लग काढावा, आत उरलेली वीज निघून जावी म्हणून सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, आणि पट्टीला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. कारण ४५ अंशांपलीकडे पारा चढवणाऱ्या चंद्रपूरच्या कोरड्या मे महिन्यात अंगावर साठणारी स्थिर वीज, आपल्याला जाणवलीही नाही तरी, चिपचा नाश करू शकते. खाचेच्या टोकांच्या कळा उघडून, खोबण जुळवून, दोन्ही अंगठ्यांनी समान दाब दिला की कळा आपोआप मिटतात. यंत्र सुरू न होता नुसतेच बीप वाजवू लागले तर घाबरू नये; बहुधा पट्टी पुरती बसलेली नसते. घुग्घुस-दुर्गापूरच्या कोळसापट्ट्यात खाचांमध्ये धूळही साचते. ती मऊ ब्रशने काढावी, पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसावेत आणि पट्टी पुन्हा बसवावी.

मेमरी वाढवल्याने प्रत्येक दुखणे जाते असे मात्र नव्हे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि जुन्या प्रोसेसरचे अनेक संगणक केवळ मेमरीच्या बळावर विंडोज ११ ला पात्र ठरत नाहीत. त्यांच्यासाठी लिनक्सची एखादी हलकी, विनामूल्य आवृत्ती हा उत्तम मार्ग आहे, व तिच्यात मराठीही सुखाने लिहिता येते. परंतु याच सुमारास मेमरीचे भाव जगभर झपाट्याने चढल्याने आधी मोजणे आणि मग घेणे याला पूर्वीहून अधिक महत्त्व आले आहे. शाळा, वाचनालये व ग्रामपंचायती यांनी आपल्या कोपऱ्यात पडलेल्या संगणकांची एकदा तपासणी करावी, आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांकडून ही दुरुस्ती करवून घ्यावी. चालू शकणारे यंत्र भंगारात घालण्याचा अधिकार ते उघडून पाहिल्याशिवाय कुणी बजावू नये.