पाहुणे आपण, अटी भूतानच्या

आज आपण भूतानच्या सहलीबद्दल बोलू. आमच्या प्रभागसंघातल्या आम्ही नऊ जणी दोन वर्षं भिशी लावून तिकडे जाऊन आलो. तेव्हापासून प्रत्येक बैठकीत तेच तीन प्रश्न येतात. तिथे सरकारला रोजचे पैसे कशाला भरायचे? सोबत गाइड घ्यायची सक्ती का? आणि एवढं करून बघायला मिळतं तरी काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सगळं एकत्रच सांगतो.

आधी देश समजून घेऊ. भूतान हा हिमालयातला छोटा बौद्ध देश. एका बाजूला आपला भारत, दुसऱ्या बाजूला तिबेट. लोकसंख्या आठ लाखांच्या आत, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहरापेक्षाही कमी. राजा आहे, आणि २००८ पासून निवडून आलेलं सरकारही आहे. परदेशी पर्यटकांना या देशाने दार उघडलं ते १९७४ साली. टीव्ही आणि इंटरनेट तर १९९९ साली आले. म्हणजे जे घ्यायचं ते सावकाश, आणि आपल्या मर्जीने घ्यायचं, ही त्यांची जुनी रीत.

पर्यटनाचंही तसंच. पाहुणे थोडे यावेत, पण देशाला काहीतरी देऊन जावेत, असं त्यांनी ठरवलं. म्हणून प्रत्येक पाहुण्याकडून रात्रीमागे शुल्क घेतात. आपल्या भारतीयांना माणशी १२०० रुपये, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना काही नाही. बाकीच्या परदेशी लोकांना १०० डॉलर. म्हणजे सहा रात्री राहिलं तर आपल्या एका बाईचे ७२०० रुपये नुसत्या शुल्काचे झाले. राहणं, जेवण, गाडी वेगळी. दर बदलत असतात, म्हणून निघण्याआधी चालू दर विचारून घ्या.

हे पैसे जातात कुठे? सरकारकडे. शाळा, दवाखाने, रस्ते, जंगल यांच्यासाठी ते वापरायचे, असं सरकार सांगतं. तिथे शिक्षण दहावीपर्यंत मोफत आणि मूलभूत उपचार मोफत, हे राज्यघटनेतच लिहिलंय. देशाची किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहिली पाहिजे, हेही घटनेत आहे. आज तिथे सुमारे ७० टक्के जंगल आहे. घाटातून गाडी जाताना डोंगर बोडका दिसत नाही, त्यामागे हा नियम आहे. आपल्याकडे एखादं ठिकाण प्रसिद्ध झालं की दोन वर्षांत तिथे बाटल्या आणि पिशव्यांचा खच पडतो. ते टाळायची किंमत तिथे पाहुण्याकडून आधीच घेतात.

आता गाइड. थिंफू आणि पारो या दोन शहरांच्या पलीकडे जायचं तर सरकारी परवाना असलेला गाइड सोबत लागतोच. आम्हाला सुरुवातीला वाटलं, हा उगाच खर्च. पण पहिल्याच दिवशी कळलं की तो नसता तर आम्ही नुसत्या रंगीत भिंती बघून आलो असतो.

झोंग म्हणजे काय, हे त्यानेच समजावलं. झोंग हा किल्ल्यासारखा मोठा वाडा. अर्ध्या भागात भिक्खूंचा मठ, अर्ध्या भागात जिल्ह्याचं सरकारी कामकाज. म्हणजे तहसील कचेरी आणि देवस्थान एकाच तटबंदीत! पुनाखाचा झोंग १६३७-३८ मध्ये झाबद्रुंग न्गवांग नामग्याल यांनी बांधला. भूतान एकत्र आणणारे ते हेच. झोंगच्या पायथ्याशी दोन नद्या मिळतात. एक फो छू, म्हणजे बाप नदी, दुसरी मो छू, म्हणजे आई नदी. तिथल्या बायका झोंगमध्ये जाताना डाव्या खांद्यावर विणलेला पट्टा घेतात. आपल्याला तो लागत नाही, पण अंगभर कपडे, डोक्यावर टोपी नाही, आणि देवळात शिरताना चपला बाहेर, एवढं पाळावं लागतं. स्तूपाला प्रदक्षिणा उजवीकडून घालायची. आत फोटो काढायचे नाहीत.

आमच्यातल्या चौघी बौद्ध आहेत. त्यांच्या मनातला गोंधळ सांगितला पाहिजे, कारण ऐकणाऱ्यांपैकी अनेकींना तो पडेल. आपल्या गावच्या विहारात भगवान बुद्ध असतात आणि बाबासाहेब असतात. त्रिशरण, पंचशील म्हणतो, कर्मकांड नको म्हणतो. भूतानच्या मठात मात्र बुद्धांच्या शेजारी गुरू पद्मसंभव, उग्र चेहऱ्याचे रक्षक देव, लोण्याचे दिवे, फिरवायची प्रार्थनाचक्रं. एक ताई म्हणाली, "हा आपला धम्म कसा?" गाइडने शांतपणे सांगितलं की हा वज्रयान पंथ आहे, तो आठव्या शतकात पद्मसंभवांनी इथे आणला असं आम्ही मानतो. एकाच झाडाच्या फांद्या वेगवेगळ्या दिशेला गेलेल्या. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेली वाट वेगळी, ही वेगळी. ताईने दिवा लावला नाही, पण हात जोडले. कोणी आग्रहही केला नाही.

पारोजवळचं तक्तसांग, म्हणजे वाघिणीचं घरटं, हे सगळ्यांत प्रसिद्ध. पद्मसंभव वाघिणीवर बसून तिथे आले, आणि त्यांची एक शिष्याच ती वाघीण झाली होती, अशी कथा आहे. ज्या गुहेत त्यांनी ध्यान केलं तिच्याभोवती १६९२ साली मठ बांधला. १९९८ मध्ये आगीत तो जळाला, २००५ पर्यंत पुन्हा उभा केला. मठ तीन हजार मीटरहून उंच कड्यावर आहे. जाऊन येऊन पाच-सहा तास लागतात, शेवटी शेकडो पायऱ्या. अर्ध्या वाटेपर्यंत घोडा मिळतो, तोही फक्त चढताना. गुडघेदुखी, दमा, रक्तदाब असेल तर अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहात थांबा. तिथून मठ समोर दिसतो. आमच्या तिघी तिथेच थांबल्या आणि त्यांचं काही बिघडलं नाही.

आता बायकांच्या कामाची गोष्ट. भूतानच्या पश्चिम आणि मध्य भागात शेत आणि घर बहुतेक वेळा मुलीकडे जातं. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. आपल्याकडे घरजावई हा टोमणा आहे, तिथे ती रीत आहे. हे ऐकून आमच्या गाडीत बराच वेळ शांतता होती. कारण आपल्यातल्या कितीजणींनी भावासाठी हक्कसोडपत्रावर सही केलीय, ते आपल्यालाच ठाऊक. पण म्हणून तिथे सगळं बायकांच्या हातात आहे, असंही नाही. संसदेत बायका अगदी थोड्या आहेत. जमीन नावावर असणं आणि निर्णयात वाटा असणं, या दोन लढाया वेगळ्या, हे तिथेही दिसतं.

आणि एक गोष्ट, जी गाइडने सांगितली नाही. ती आम्ही परत आल्यावर वाचून समजून घेतली. तिथले पुरुष घो घालतात, बायका किरा नेसतात. कचेरीत, शाळेत तो सक्तीचा. आम्हाला फार छान वाटलं. पण १९८९ च्या सुमाराला हीच पोशाखाची सक्ती दक्षिणेतल्या नेपाळी बोलणाऱ्या लोकांवरही आली, शाळांतून नेपाळी भाषा गेली. पुढच्या काही वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे एक लाख लोकांना देश सोडून नेपाळमधल्या छावण्यांत राहावं लागलं. त्यातले बहुतेक नंतर अमेरिका आणि इतर देशांत गेले. सुखाचं मोजमाप करणारा देश म्हणून भूतानचं नाव जगभर आहे, आणि ते खोटं नाही. पण त्या मोजमापात कोण धरलं गेलं आणि कोण बाहेर राहिलं, हे विचारायला हवं. आजही तिथली तरुण मुलं मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला निघाली आहेत.

गाइडने सांगितलं नाही म्हणून तो वाईट ठरत नाही. पाहुण्याला आपणही आधी ओसरी दाखवतो, माजघर नाही. गाइड रस्ता दाखवतो, अर्थ सांगतो, आणि काही दारांसमोरून तसाच पुढे नेतो. म्हणून शुल्क आनंदाने भरा, गाइडचं नीट ऐका, पण प्रश्न घरी ठेवून जाऊ नका. देवळाबद्दल विचारा, तसंच मजुरीबद्दल, दवाखान्याबद्दल, मुलींच्या शिक्षणाबद्दल विचारा. आम्ही विचारलं, तेव्हा त्याला उलट बरंच वाटलं.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं.

ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्ड चालत नाही. हे आधी तपासा, नाहीतर सीमेवरून परत यावं लागेल.

रेल्वेने जायचं तर बंगालमधलं हासीमारा स्टेशन जवळचं. तिथून जयगाव, आणि कमान ओलांडली की भूतानचं फुन्शोलिंग. पुढे थिंफूपर्यंत घाटाचा पाच-सहा तासांचा रस्ता. गाडी लागत असेल तर गोळी जवळ ठेवा. आपले रुपये तिथे चालतात, कारण त्यांचं न्गुलत्रुम रुपयाच्या बरोबरीचं आहे. घड्याळ अर्धा तास पुढे करा.

जेवणात एमा दात्शी, म्हणजे चीज घातलेली मिरचीची भाजी. मिरची फोडणीला नाही, मिरचीचीच भाजी! ठेचा खाणाऱ्या आम्ही, पण पहिल्या घासाला पाणी मागितलं. सोबत लाल भात.

टूरवाल्याकडून लिहून घ्या: रोजचं शुल्क धरलंय का, गाइड आणि गाडी धरलीय का, मठांची तिकिटं कोणाकडे. एखादी रात्र गावातल्या घरी मुक्काम मागा, म्हणजे पैसा थेट घरातल्या बाईच्या हातात जातो. विणलेलं कापड घेताना ते हातमागावरचं आहे का, कुठल्या गावचं आहे, हे विचारा. कमरेला पट्टा बांधून चालवायच्या मागावर एक भरजरी किरा विणायला बाईला महिनेच्या महिने लागतात. तिथे घासाघीस करताना आपल्या गोधडीची आणि पापडाची किंमत पाडणारं गिऱ्हाईक आठवा.

शेवटचं, गटाच्या हिशोबाचं. सहलीसाठी गटातून अंतर्गत कर्ज काढू नका. ते पैसे बियाण्याला, आजारपणाला, शिक्षणाला. सहलीची भिशी वेगळी, वही वेगळी. उशीर लागतो, पण परत आल्यावर डोक्यावर हप्ता राहत नाही.

तुमच्या गटाचे प्रश्न असतील तर महिन्याच्या बैठकीत लिहून द्या, पुढच्या भागात त्यांची उत्तरं देऊ.