‘आज जायचं नाही’

नातीच्या शाळेची सहल डिसेंबरात तारकर्लीला जायची आहे. संमतिपत्रात समुद्रस्नान, किल्लादर्शन आणि त्यांच्याखाली ‘कयाकिंग’. मुलगा दौऱ्यावर. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, तुम्हीच वाचून सही करा.” एकतीस वर्षे बँकेत लोकांच्या कागदांवर सह्या केल्या, पण या कागदावर हात अडला.

आम्हां नागपूरकरांचा समुद्र म्हणजे अंबाझरी, फार तर फुटाळा. कयाक म्हणजे एकदोघांची निमुळती नाव आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे, एवढेच मला ठाऊक. पण पाण्यावर माणसे नेणाऱ्याकडे काय असावे लागते, ते मी एकदा पाहिले आहे. शाखेची सहल घेऊन आम्ही नवेगावबांधच्या तळ्यावर गेलो होतो. बायकामुले डोंग्यात बसायला अधीर. म्हातारा ढीवर आभाळाकडे बघून म्हणाला, “साहेब, आज नाही जमत जी.” पाणी तर आरशासारखे होते. मी शाखाधिकारी, चारचौघांत नकार ऐकायची सवय नव्हती. दुप्पट पैसे देऊ केले. त्याने वल्हे उचलून खांद्यावर टाकले आणि तो चालू लागला. अर्ध्या तासाने असा वारा सुटला की किनाऱ्यावरच्या सतरंज्या उडाल्या. मी त्याला शोधायला गेलो नाही, याची आज लाज वाटते.

त्याच्यासारखा माणूस नसला की काय होते, ते इंग्लंडात दिसले. २२ मार्च १९९३ रोजी तिथल्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रीजिसहून आठ शाळकरी मुले, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाकमधून निघाले. जवळच्याच चारमथला जायचे होते. थोड्याच वेळात शिक्षकांची नाव उलटली. एक प्रशिक्षक त्यांना सावरण्यात गुंतला. दुसऱ्याने मुलांना एकमेकांच्या नावा धरून ठेवायला सांगितले. ते रीतीला धरूनच होते. पण वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता आणि तो सगळा पुंजका आत आत जात राहिला. मदतीची खूण म्हणून आकाशात सोडायचे बाण कोणाजवळच नव्हते. किनारारक्षकांना खबर मिळेपर्यंत दुपार टळली होती. चार मुले गेली.

पुढे उघड झाले की आदल्याच वर्षी तिथल्या माजी प्रशिक्षकांनी चालकांना सुरक्षिततेतल्या उणिवा लिहून कळवल्या होत्या. अशी पत्रे कुठे जातात, ते मला ठाऊक आहे. ‘पाहिले’ असा शेरा मारून ती फायलीत जातात. मीही असे शेरे मारले आहेत. १९९४ मध्ये कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाला तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये ब्रिटनने मुलांच्या साहसकेंद्रांसाठी कायदा केला.

शाळेत आपण ‘मतलई वारे’ आणि ‘खारे वारे’ घोकले ते परीक्षेपुरते. कयाकचा म्होरक्या त्यांवर जगतो. जमिनीवरून येणारा मतलई वारा फसवा. किनाऱ्यालगत पाणी शांत दिसते, जाताना वल्हे मारायलाही लागत नाही आणि लाट उठते ती दूर गेल्यावर. म्हणून जाणता म्होरक्या शक्यतो आधी वाऱ्याच्या तोंडावर नेतो, म्हणजे दमल्या हातांना परतीला वारा पाठीशी मिळतो. वेग सर्वांत हळू मुलाचा. एक अनुभवी माणूस पुढे, एक सर्वांच्या मागे. उलटलेली नाव रिकामी करून माणसाला परत बसवता आले पाहिजे, आणि ते चालू असताना बाकीच्यांवरची नजर हलता कामा नये. त्या दिवशी इंग्लंडात गाडे नेमके इथेच अडले.

आपल्याकडच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५-१६ मध्ये गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटर कयाक वल्हवली. धाडस मोठेच. पण एकट्याची चूक एकट्याच्या खात्यावर पडते. दहा मुले नेणाऱ्याच्या खात्यावर दहा घरे असतात. आमच्या वेणा जलाशयात २०१७ च्या जुलैत नाव उलटली, तेव्हा नागपुरातल्या कितीतरी घरांना हे कळले.

पालकसभेला मी गेलो. सहल नेणारा मालवणकडचा पोरगा, तिशीचा असेल. लोक जेवणाचे आणि खोल्यांचे विचारीत होते. मी विचारले, “‘आज जायचं नाही’ असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात?”

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, “मागच्या जानेवारीत, काका. पुण्याची पार्टी होती. खूप भांडले. पैसे परत केले.”

“किती?”

त्याने आकडा सांगितला. पैशांपर्यंत, सुट्या रुपयांसकट.

घरी येऊन सही केली आणि जुन्या सवयीने खाली तारीख घातली. मग नातीला आतून हाक मारली आणि मतलई वारा म्हणजे काय, ते विचारले. तिला आले नाही. अजून दीड महिना आहे.